आधी मांड्या, मग तोंड

आमच्या गल्लीतल्या एकाही बाळाचं तोंड कुसुमअक्कांनी आधी पाहिलेलं नाही. फैजपुरात बारशाला जमलेल्या बायका नाक बापाचं की आईचं यावर वाद घालतात. आमच्या शेजारच्या अक्का मात्र थेट बाळाचं दुपटं सोडतात. "तोंड काही पळून नाही चाललं. आधी मांड्या पाहू द्या."

अक्का सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाल्या. म्हणजे पगार थांबला, एवढंच. बाळाचे गुडघे वाकवायचे, मांड्या हलकेच बाहेर उघडायच्या आणि डोळे मिटून बोटांनी अंदाज घ्यायचा. मांडीचं हाड खुब्याच्या खोबणीत नीट असलं, की जात्याच्या भाषेत निकाल लागतो, "खुंटा जागेवर." मग तोंड पाहतात, तेही फारसं मन लावून नाही.

एकदा यावलच्या एसटीत त्यांनी अनोळखी बाईचं पोर असंच तपासायला घेतलं. बाईने आरडाओरडा केला, कंडक्टरने गाडी थांबवली. अक्कांनी तपासणी पुरी करून पोर परत दिलं आणि कंडक्टरला म्हणाल्या, "खुंटा जागेवर. चालू द्या." त्याने मुकाट्याने घंटी मारली.

आमची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मालिशवाली नातीचे पाय ताणून, जोडून दुपट्यात करकचून गुंडाळायची. त्याने पाय सरळ वाढतात म्हणे. बारशाला अक्कांनी ते सोडलं, तपासलं आणि डावी मांडी पुन्हा एकदा उघडून पाहिली.

"डावा खुंटा सरकते," त्या म्हणाल्या. "पोरीचे पाय बांधू नका. जळगावले दाखवा."

नरडाण्याच्या विहीणबाई ताठ झाल्या. "आमना घरमा कोनी लंगडं नई."

"नाही ना? मंग पुढंही नको."

खरं सांगतो, दोन दिवस मला अक्कांचाच राग आला. तरी गेलो. सोनोग्राफीत हाड खोबणीबाहेर दिसलं. डॉक्टरांनी पोरीचे पाय बेडकासारखे फाकवून पट्टा बांधला, रात्रंदिवस ठेवायचा म्हणून. ते बघून आमची मुलगी रडायची. अक्का रोज दुपारी येऊन पट्टा नीट आहे ना ते बघायच्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवून बसायच्या.

तीन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, हाड जागेवर बसलं. मी पेढे घेऊन अक्कांकडे गेलो. म्हटलं, "अक्का, तुमच्यामुळे पोर नीट चालेल."

त्यांनी पेढा खाल्ला नाही, नुसता हातात धरला.

"माही मंगल लंगडते, भाऊ. तिचे पाय मीच बांधायची. रोज. सासू म्हणे, सून किती सुरेख बांधते. पोरगी चालाले लागली तव्हा समजलं. तव्हा मी नर्स नव्हती, निस्ती माय व्हती."

मी विचारलं, "ती कधी त्यावरून बोलली का तुम्हाला?"

"एकदाही नाही," अक्का म्हणाल्या. "बोलली असती तं बरं झालं असतं."