बोलणारं पार्सल

आमच्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावरून दर दोन-चार दिवसांनी एक खोकं खाली पडतं. पडत नाही, पाडलं जातं. आधी "हटाऽऽ" अशी आरोळी, मग धप्प. मग पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा सावरत मनोहरकाका जिना उतरतात, खोकं उचलून कानाशी हलवतात आणि डोळे मिटून ऐकत राहतात. नव्या भाडेकरूंना वाटतं, वर नवरा-बायकोची जुंपली आहे. काकू जाऊन तर बरीच वर्षं झाली.

"बोललं का, काका?" मी विचारते.

"नाई बोललं. जाऊ दे आता दिल्लीले."

काका जुनी खेळणी विकतात. पत्र्याची चावीची बोट, टुणकन उडी मारणारा बेडूक, मुठीत मावतील अशा मोटारी. सगळी मूळ खोक्यात, अंगावर एक ओरखडा नाही. अशा मालासाठी शौकीन लोक देशभरातून फोन करतात. वरून पाडून पाहिलेलं पार्सल हलवल्यावर आतून आवाज आला, म्हणजे ते 'बोललं'. बोलणारं पार्सल काका घराबाहेर जाऊ देत नाहीत. "आत हललं म्हणजे घासलं, अन् घासलं म्हणजे गेलं."

त्यांची बांधायची पद्धत संत्र्याची आहे. सीताबर्डीत मिळणारं फुग्याफुग्यांचं प्लास्टिक त्यांना मंजूर नाही. ते कळमन्याच्या बाजारातून पोतंभर तणस, म्हणजे संत्र्यांच्या पेट्यांत भरतात तो वाळका पेंढा, आणतात. "संत्रं ट्रकात उड्या मारत जाते. त्याले डाग पडते का? मंग बेडकाले काहून पडन?" चेन्नईच्या एका गिऱ्हाइकाने तक्रार केली की मोटारीला संत्र्याचा वास येतो. काकांनी कळवलं, "वासाचे पैसे लावले नाई."

तणसाच्या आत मऊ कागद लागतो. तो माझा.

मी पत्रकांच्या घरात वाढले. बाबा कामगार संघटनेत होते. आमच्या दिवाणाखाली गाद्या नव्हत्या, गठ्ठे होते. आता मीही हिंगण्याला कंपन्यांच्या गेटवर पाळी सुटताना पत्रकं वाटते. उरलेली काका मागून नेतात. ती कशाला, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. किमान वेतनावरचं माझं सर्वांत जळजळीत पत्रक त्यांनी चुरगळून पत्र्याच्या एका ढोलकवाल्या माकडाच्या काखेत कोंबलेलं मी डोळ्यांनी पाहिलं.

"तुह्या क्रांतीचा कागद लय मऊ हाय वं, पोरी. बराबर बसते."

"काका, ते वाचायला छापलंय!"

"मंग माकडबी कामगारच हाय ना. जिंदगीभर ढोलक वाजवून राहिलं. कोणी पगार देल्ला का त्याले?"

"वाजवलं कुठे? तुम्ही कधी चावी तरी दिली का त्याला? खेळणी मुलांची असतात काका, कपाटांची नाही!"

मला वाटलं, आता आणखी एक टोला येईल. पण काकांनी माकड उचलून कपाटात ठेवलं आणि चहा टाकायला आत गेले.

चहा पिताना हळूच म्हणाले, "शिऱ्यासाठी घेतले होते हे सारे."

शिऱ्या म्हणजे शिरीष, त्यांचा एकुलता एक. काका तेव्हा हिंगण्याला नोकरीत होते. दर दिवाळीच्या बोनसमधून एक खेळणं यायचं. ते शिरीषला खोक्यातूनच दाखवायचं आणि कपाटात ठेवायचं. हात लावला तर फुटेल. मोठा झाला की खेळजो. शिरीष मोठा झाला आणि बंगलोरला गेला. आता रविवारी फोन येतो. 'जेवले का', 'जेवलो', 'तब्येत?', 'बरी हाय'. एवढं झालं की दोन्हीकडून फोन खाली.

ढोलकवालं माकड काकांच्या कपाटातला सगळ्यात किमती नग. कलकत्त्याचे एक गृहस्थ त्याच्यासाठी कधीपासून मागे लागले होते. मागच्या आठवड्यात काकांनी त्यांना नाही म्हणून कळवलं. शिरीषच्या मुलाचा, काकांच्या नातवाचा, वाढदिवस तोंडावर आला होता. "चिकटपट्टी घेऊन ये," मला निरोप आला.

गेले तर माकड ओट्यावर उघडं बसलेलं. मूळ खोकं फाडून त्यावर चहाचा कप ठेवलेला. आणि काका उलथन्याने माकडाच्या ढोलकावर ठोकताहेत!

"काका! काय करून राहिले तुम्ही!" रागावले की माझीही शुद्ध भाषा सुटते.

"पोचा पाडून राहिलो." त्यांनी बोटाने पोचा चाचपला, पुरेसा वाटला नाही, आणखी एक ठोका दिला. "मागल्या वर्षी जीप पाठवली होती. शिऱ्यानं काचेच्या कपाटात ठेवली. पोरगं बाहेरून काच चाटते म्हणे. सुनेनं हासत हासत सांगतलं."

"आणि तुम्ही?"

"मीबी हासलो. काय करतो?" उलथनं खाली ठेवून ते म्हणाले, "कोरं करकरीत राहिलं त हात लावू देणार नाई तो. माहाच पोरगा हाय."

मग त्यांनी चावी दिली. माकडाने मान वळवली, जरा थांबलं आणि ढोलक वाजवायला लागलं. पोच्यामुळे एक ठोका बद्द लागत होता. चावी उतरेपर्यंत काका ओट्याला टेकून बघत राहिले.  

या खेपेला त्यांनी तणस मूठभरच घातलं. पत्रक एकच, तेही चुरगळलं नाही. नेहमीसारखं पाडून बघायला मी खोकं घेऊन गॅलरीत गेले आणि "हटाऽऽ" म्हणणार, तोच त्यांनी माझा हात धरला.

"नको. काय फुटाचं ते तिथंच फुटन, त्याच्या हातानं."

मी खोकं कानाशी नेऊन हलवलं. आत खुडखुड झाली, मग ढोलकाचा एक बारीक ठोका.

"काका, हे तर बोलून राहिलं."

त्यांनी खोकं माझ्या हातून घेतलं, छातीशी धरलं आणि चपला शोधू लागले.

"बोलू दे वं," ते म्हणाले. "आमच्यातलं कोणी त बोललं पाहिजे."