कलम नऊ आणि जांभळा माळ

हिन्नर्कनं विबकेला छातीठोकपणे सांगितलं होतं, "तू फक्त बूट घालून ये. बाकी प्लॅनिंग माझं."

दोनशेवीस किलोमीटरचा माळ, तेरा दिवस, दोघंच. विबके जनावरांच्या दवाखान्यात काम करायची आणि ऑक्टोबरात नोकरीसाठी म्युनिकला जाणार होती. म्हणजे मनातलं बोलायला हिन्नर्कला मिळणार होते ते हे तेरा दिवस. त्यामुळे तो तयारीला असा लागला जणू उत्तर ध्रुवावर चाललाय. किचनमधल्या वजनकाट्यावर मोजे तोलले. टूथब्रशचा दांडा अर्धा कापला. मग उरलेला अर्धाही जड वाटला म्हणून पुन्हा कापला, आणि आता दात घासायला बोटं घशापर्यंत घालावी लागत होती.

एवढं करून एकच गोष्ट राहिली होती. जुन्या मेंढवाटांचा नकाशा. तो फक्त हायो काकाकडे होता, आणि तिथेच घात झाला.

हायो काका म्हणजे गावातल्या पदयात्री मंडळाचे अध्यक्ष. बावीस वर्षं. त्यांच्याविरुद्ध कुणी उभंच राहत नाही, कारण उभं राहिलं की ते त्याला खजिनदार करतात.

"कोण कोण चाललंय?" काकांनी चष्म्यावरून पाहत विचारलं.

आता विबकेचं नाव घ्यावं तर संध्याकाळपर्यंत गावभर. हिन्नर्क म्हणाला, "आहेत... एकदोन जण."

"एकाहून जास्त?"

"हो."

"मग ती सहल झाली," काका म्हणाले आणि त्यांनी टोकदार पेन्सिल काढली.

दुसऱ्या दिवशी बेकरीशेजारच्या काचेच्या फलकात कागद लागला: 'माळ पदयात्रा, ३० ऑगस्ट. मार्गप्रमुख: हिन्नर्क.' दुपारपर्यंत सतरा नावं. गुरुवारी अडतीस. कुणीतरी बॅगा आणि जुनिपरच्या दारूच्या बाटल्या ओढायला हातगाडी आणणार होतं, कुणी गव्हाऐवजी बकव्हीटच्या, म्हणजे कुट्टूच्या पिठाचा केक. बँडवाल्यांनी 'ट्रॉम्बोन चालतील का' अशी खाली पेन्सिलीनं चौकशी केली होती. तळाशी टीप: बायका शाळेत झोपतील, पुरुष अग्निशमन केंद्रात.

आणि एकोणचाळिसावी सही विबकेची. चाळिसावी तिच्या गेशे आजीची.

हिन्नर्क धावत दवाखान्यात गेला. विबके एका मेंढीचा खूर तासत होती.

"अगं, हे मी नाही केलं."

"मार्गप्रमुख म्हणून तुझंच नाव आहे," ती वर न बघता म्हणाली.

"तू सही का केलीस? आजीलाही घेतलंस?"

"का, आजीला चालता येत नाही?"

"येतं का?"

"नाही," विबके म्हणाली आणि दुसरा पाय उचलला. मेंढीचा.

संपलं. बाई चिडली आहे, हे हिन्नर्कला मेंढीच्या चेहऱ्यावरूनही कळलं.

शनिवारी मंडळाच्या सभेत तो धीर करून उठला. "ही सहल रद्द करा, असा माझा ठराव आहे."

"अनुमोदन?" काकांनी विचारलं. कुणीतरी खोकलं. अनुमोदन नाही. "ठराव फेटाळला. पुढचा विषय, ट्रॉम्बोन."

तेवढ्यात विबके उठली. "काका, कलम नऊचं काय?"

कलम नऊ सगळ्यांना पाठ होतं. पूर्वी एका मार्गप्रमुखानं गाडीतून फिरून 'वाट उत्तम' असं लिहून दिलं होतं, आणि बत्तीस माणसं दलदलीत गुडघाभर रुतली होती. एकाची विजार अजून तिथेच आहे. तेव्हापासून नियम: सहलीआधी मार्गप्रमुखानं सगळी वाट स्वतः पायी चालून यायचं, सोबत एक साक्षीदार.

"सही केलेल्यांपैकीच एक साक्षीदार हवा ना?" विबके म्हणाली. "मी जाते."

"अनुमोदन," गेशे आजी म्हणाली. "माझे गुडघे गेलेत, पण हात वर होतो अजून."

हिन्नर्कला तेव्हा कुठे कळलं की सही कशासाठी होती, आणि आजी कशासाठी.

ऑगस्टच्या पाच तारखेला दोघं निघाले. हेदरची झुडपं फुलून माळ नुकता जांभळा व्हायला लागला होता. मधमाश्यांची गुणगुण, लांब करड्या मेंढ्या, आणि मंडळानं दिलेला चौदा पानी फॉर्म. बाक टेकायला योग्य आहे का? सावली किती माणसांना पुरेल? चौथ्या दिवशी जुनिपरच्या एका उंच झुडपाखाली बसून विबकेनं त्यात लिहिलं, 'सावली: दोघांना पुरते.' हिन्नर्कनं ते वाचलं. आठ दिवसांपासून पाठ केलेलं भाषण त्याला अर्धंच आठवलं, पण त्या अर्ध्यातच तिनं त्याचा हात धरला, म्हणून उरलेलं राहिलं ते राहिलंच.

शेवटच्या पानावर तिनं शेरा मारला: 'वाट चाळीस जणांना अयोग्य. पुन्हा पाहणी आवश्यक.'

आठवड्यानं काकांचं पत्र आलं. मंडळानं अहवाल अतिशय गांभीर्यानं घेतला होता. सहल पुढच्या वर्षावर, आणि फेरपाहणीला मे महिन्यात सगळी कार्यकारिणी जातीनं येणार. सात जण. हातगाडीसह.

हिन्नर्कचं तोंड उतरलं. विबकेनं पत्र दोनदा वाचलं.

"सात जण म्हणजे सहलच झाली की," ती म्हणाली. "मग कलम नऊ लागू. त्यांच्याही आधी कुणीतरी चालून यायला हवं. मला म्युनिकहून यावं लागेल."

यावर काहीतरी सुंदर बोलावं, असं हिन्नर्कला फार वाटलं. त्यानं घसा खाकरला.

"हो," तो म्हणाला, "साक्षीदाराची सही लागतेच."