बिनपगारी फौजेने पगारी गडी धरला त्याची हकीकत

श्री मैदानमाता सुप्रसन्न असो. पंचाची शिटी शुद्ध असो आणि वाचणाराचे चित्त स्थिर असो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, माघमास, शुक्लपक्ष, ते समयी कबड्डीचे थोर युद्ध जाहले, आणि त्यांत बिनपगारी फौजेने पगारी फौजेचा अव्वल गडी कैसा धरला, हे पुसणारे बहुत जाहले, आणि सांगणारे त्याहून बहुत जाहले, आणि जो तो आपल्या पदरचे घालू लागला, म्हणोन जैसे पाहिले तैसे लिहोन ठेविले आहे. लिहिणाराने हे युद्ध मैदानालगतचे पाण्याचे टाकीवर बसोन पाहिले. टाकी उंच, म्हणोन सर्व दिसले. आणि लिहिणारा त्याच राज्याचा, म्हणोन आपल्याकडचे किंचित अधिक दिसले असेल, ते सांभाळोन घ्यावे.

एक राज्य होते. त्याचे नाव लिहीत नाही, कारण एकाचे लिहिले तर शेजारची राज्ये रुसतात आणि पुढे लग्नकार्यांत तोंडे फिरवितात. नदीकाठी वसलेले, चार आळ्यांचे, एक दूधडेअरी, काही वीटभट्ट्या, आणि शाळेमागे तांबडे मातीचे मैदान, हाच त्याचा गड आणि हीच राजधानी. फौज सात गड्यांची, त्यांत कोणास दाम नाही की दरमहा नाही. सरनोबत हैबतीराव, वय चाळिशीस टेकलेले, दिवसा डेअरीचा टेम्पो हाकीत. डावा कोपरा शिदोबा लोहार राखीत, त्यांचा हात ज्याचे घोट्यास पडला तो घोटा पुढे आठवडाभर त्यांचे नाव घेई. बाकीचे कोणी भट्टीवर, कोणी रानांत. दिवसा सर्वांस पोटाचा उद्योग आणि सांजवेळी अंगे मोडलेली, म्हणोन सराव उजाडण्यापूर्वी होई, आणि मैदानावर दिवा नव्हता. पंचायतीने दिवा देऊ म्हणोन सांगितले होते, ते अद्याप सांगतच आहेत. ऐसे अंधारांत चढाई करणारा दिसत नाही, फक्त ऐकू येतो. मग वर्षानुवर्षे ऐसे जाहले, की हे गडी डोळ्यांनी पकड करीनासे जाहले आणि कानांनी करू लागले. कोणाचा दम कोठे अडतो, कोणाचे 'कबड्डी' शेवटी नाकांत जाते, कोण परत फिरण्याआधी शब्द तोडतो, हे सर्वांस ठाऊक. आणि दम उणा पडला ऐसे कानी आले, की हातांत हात घालोन साखळी आवळावी, ही त्यांची विद्या. तिचे त्यांस काही अप्रूप नव्हते. सर्व जगांत ऐसेच खेळतात, ऐसे ते समजत.

आता चषकदरबाराची गोष्ट. चांदीचा एक मोठा चषक, त्याकरिता दरसाल लहानमोठ्या सर्व फौजा एकत्र लढत. कंपन्यांच्या, बँकांच्या, सरकारी खात्यांच्या पगारी फौजा एकीकडे आणि गावोगावची बिनपगारी मंडळे एकीकडे, आणि पहिले फेरीत पगारी फौजांनी मंडळांस पाणी पाजावे आणि मंडळांनी पाहुणचार घेवोन घरी जावे, ऐसा शिरस्ता पडला होता. तो पाहोन दरबारचे मुत्सद्दी कंटाळले आणि त्यांनी हुकूम काढिला, की या बिनपगारींचे पायी पहिला दिवस फुकट जातो, लोक जांभया देतात. तरी या साली एकही मंडळ जिंकले नाही, तर पुढील सालापासोन दरवाजा फक्त पगारी फौजांस उघडा राहील. हा हुकूम ऐकोन सर्व मंडळांनी शर्थ केली. परंतु एक सकाळी पडले, दोन दुपारी पडली, एक तर ऐसे पडले की त्यांचा सरनोबत हिशेब विचारावयासही थांबला नाही, आणि दिवस कलता कलता सर्व गेली. राहिले आमचे राज्य. त्यांतल्या त्यांत भाग्य इतके, की त्या साली पहिली फेरी आमचेच मैदानी नेमिली होती. परंतु समोर आली ती गेले सालची चषक जिंकलेली फौज. मोठी मोटार, एकसारखे पोशाख, अंग रगडणारा वैद्य, आणि सर्वांवर हुकूम चालविणारे उस्ताद. त्या फौजेचा अव्वल चढाईकार दौलतराव. हा कोण म्हणाल, तर हैबतीरावांचा सख्खा भाचा, याच मातीत लोळलेला, याच अंधारांत शिकलेला. नोकरी लागोन गेला ते समयी राज्याने पेढे वाटले होते. त्याची आई मुक्ताक्का, हैबतीरावांची थोरली बहीण, राज्यांतच राहात.

हैबतीराव त्या दिवशी जेवले नाहीत. हरण्याचे भय म्हणाल तर नव्हते, हरणे त्यांस घरच्यासारखे होते. परंतु आपले हातून दरवाजा बंद व्हावा, आणि उद्या मुलखांतले प्रत्येक मंडळ म्हणेल की शेवटची आशा हैबतीपाशी होती ती त्याने घालविली, हे त्यांच्याने सोसवेना. शिदोबास म्हणाले की आपण हरलो तर आपणच हरलो ऐसे नव्हे. शिदोबा गुडघ्यास पट्टी बांधीत राहिले.

मग युद्धास तोंड लागले. आणि येथे राज्याने जी चूक केली ती या राज्यानेच करावी. प्रेम इतके, की आपले फौजेस बळ यावे म्हणोन चारही आळ्यांनी ढोल आणिले, ताशे आणिले, कोणी हलगी आणिली, जत्रेची पिपाणी आणिली, डेअरीवाल्यांनी रिकामे कॅन बडविले, आणि कर्ण्यावर भगीरथ गुरुजी बसले. गुरुजी राज्याचे निवेदक. तीस वर्षे प्रत्येक सामना त्यांनी बोलोन काढिला, आणि बारशापासोन तेराव्यापर्यंत कोठेही ध्वनिक्षेपक दिसला की त्यांचा हात आपोआप पुढे होई. ते गर्जत होते, की पाहा हो पाहा, वाघाचे गुहेत कोण आले, आणि त्याखाली ढोल, त्याखाली कॅन, आणि ऐसा कल्लोळ जाहला की झाडावरचे कावळे दुसऱ्या राज्यांत निघोन गेले. परंतु ज्या फौजेचे डोळे कानांत, तिचे कान बुजले. दौलतराव चढाईस येई, ओठ हलत, शब्द ऐकू येईना. साखळी कधी लवकर आवळली जाई, कधी फार उशिरा, आणि तो एकास शिवोन, कधी दोघांस शिवोन, हसत परत जाई. आमचे गडी एकामागून एक मृत होवोन बाहेर बसू लागले. या युद्धांत मेलेला गडी बाहेर बसोन पाणी पितो आणि आपले फौजेने गुण मिळविला की जिवंत होवोन परत येतो, ऐसा कायदा आहे. परंतु जिवंत करावयास कोणी उरेना. गड्यांची फजिती जितकी वाढे, तितके लोक मायेने अधिक बडवीत. मध्यांतर जाहले तेव्हा फौज बहुत गुणांनी मागे होती आणि दरबारचे मुत्सद्दी पानाचा विडा लावीत होते.

मध्यांतरी हैबतीराव मैदानाचे कडेस आले. अंग मातीने भरलेले, आणि आवाज बसलेला. आधी स्वतःसच काही उमजेना, मग बहिणीपाशी बसले आणि म्हणाले,

"आक्का, काय बी ऐकू येईना. आपल्याच माणसांनी आपलं कान बुजवलं."

मुक्ताक्का समजल्या. समजल्या आणि गप्प राहिल्या, कारण आवाज थांबला तर कोण धरला जाईल, हेही त्यांस समजले होते. हैबतीरावांनी ढोलवाल्यांस विनविले, तो ते रुसले, म्हणाले की आम्ही का वैरी आहोत. गुरुजींस विनविले, तो गुरुजी म्हणाले की मी थांबलो तर सामना चालू आहे हे लोकांस कळणार कैसे. कोणी म्हणे हरण्याचे खापर आता आमचे ढोलावर फोडतात. मसलत फिसकटू लागली, पंच घड्याळ पाहू लागले, आणि हैबतीराव हात जोडोन उभे राहिले, हे लिहिणारास पाहवले नाही. तेव्हा मुक्ताक्का उठल्या. पदर खोचला, कर्ण्यापाशी गेल्या, गुरुजींचे हातांतोन ध्वनिक्षेपक घेतला. गुरुजींचा हात तैसाच हवेत राहिला. आक्का बोलल्या,

"गप बसा समदी. समोर हाय त्यो माजा ल्योक हाय, वरडायचं तर मला हाय. पर हितं दार बंद झालं तर उद्याच्याला कुणाचं पोर कुटं शिकंल? म्हनून म्या गप बसती. तुमी बी बसा."

आणि ध्वनिक्षेपक खाली ठेविला, आणि आपले जागी जावोन बसल्या.

मग जे जाहले ते या राज्यांत पूर्वी कधी जाहले नव्हते. ढोल जमिनीवर ठेविले गेले. कॅनांवर माणसे बसली. चार आळ्या, ज्या ग्रामसभेत एकमेकींचे वाक्य पुरे होऊ देत नाहीत, त्या तोंडावर हात ठेवोन राहिल्या. गुरुजींनी उपरणे तोंडांत धरिले. पगारी फौजेस वाटले की लोकांनी आशा सोडिली. त्यांस मोठमोठ्या मैदानांतील गोंगाटाची सवय. शांततेत त्यांची पावले त्यांसच ऐकू येवो लागली आणि ते बावरले. पहिला चढाईकार आला, त्याचे 'कबड्डी' पातळ जाहले आणि शिदोबांनी घोटा धरिला. दुसरा आला, त्याचा दम नाकांत गेला आणि साखळी आवळली. मग आमचा एकेक गडी जिवंत होवोन आंत आला, आणि दौलतरावही एकदा धरला गेला, मेला, पाणी पिवोन पुन्हा जिवंत जाहला, आणि पगारी फौजेवर लोण चढला, म्हणजे सातही गडी एकदम बाद जाहले, आणि लोक ओरडावयाचे ते एकमेकांचे दंड दाबोन राहिले. दुसरे दिवशी कित्येकांचे दंड काळेनिळे होते. ऐसे करिता करिता राज्याची फौज बरोबरीस आली आणि एक गुणाने पुढे गेली, आणि शेवटची चढाई उरली, ती दौलतरावाची.

दौलतराव रेषा ओलांडोन आला. तो याच अंधारांत वाढलेला, त्यास ठाऊक की हे ऐकत आहेत. म्हणोन त्याने शब्द संथ धरिला, चढू दिला नाही, उतरू दिला नाही. मैदानांत एक त्याचाच आवाज. एकाएकी वाकला आणि शिदोबांचे अंगठ्यास शिवला. तैसाच परतता तर बरोबरी होती. परंतु चषक जिंकलेल्या फौजेने विटा थापणारांशी बरोबरी घेवोन जावे, हे उस्तादांस कैसे सांगावे, ऐसे त्याचे मनांत आले असावे. दुसऱ्यास शिवोन जिंकोनच जावे म्हणोन तो आणखी एक पाऊल आंत आला. त्यास लहानपणापासोन एक खोड, दम सरत आला की 'कबड्डी'चा पहिला 'क' गिळावा. स्वतःस ती कधी कळली नव्हती, आणि सांगावी ऐसे कोणास वाटलेही नव्हते. तो 'क' त्याने गिळला. हैबतीरावांनी तो ऐकला, आणि मांडीस मिठी घातली, आणि शिदोबा आले, आणि सातही गडी आले, आणि दौलतरावाचा हात मध्यरेषेकडे गेला तो वीतभर अलीकडे राहिला. पंचाने शिटी दिली. तरी लोक गप्पच. जिंकलो हे कळले होते, परंतु बोलावयाची परवानगी कोणी दिली नव्हती. मग गुरुजींनी तोंडांतोन उपरणे काढिले, आणि पुढचे लिहिता येत नाही, कारण टाकी हादरली आणि लिहिणारा उतरोन पळत मैदानांत गेला.

उस्तादांनी तक्रार गुदरली, की लोक गप्प बसले हे नियमास धरोन नाही. पंचांनी नियम पाहिले. गोंगाटाविषयी नियम होता, गप्प बसण्याविषयी नव्हता, तक्रार फेटाळली. मग दोन्ही फौजा मुक्ताक्कांचे दारी जेवावयास बसल्या. वैद्याने प्रथम आपले गड्यांस रस्सा नको म्हणोन सांगितले, मग स्वतः वाटी पुढे केली. आक्कांनी आधी भावास वाढिले, मग मुलास, आणि मुलाचे ताटांत दोन तुकडे अधिक घातले, ते सर्वांनी पाहिले. दौलतराव मामांचे शेजारी बसला होता. भाकरी मोडीत त्याने पुसले,

"मामा, लोकं वरडत ऱ्हायली असती तर सुटलो असतो न्हवं?"

"सुटला असतास," हैबतीराव म्हणाले. "पर मग फुडल्या साली आमी धरायचं कुनाला?"

दौलतराव हसला, आणि त्याचे डोळ्यांत पाणी आले, ते त्याने तिखटावर ढकलिले.

तात्पर्य इतके, की दुसरे फेरीत दुसरी पगारी फौज भेटली आणि तिने आमचा धुव्वा उडविला. दरबाराने हुकूम मागे घेतला. पुढील साली मंडळे पूर्वीहून अधिक आली, आणि पहिल्याच दिवशी एकजात हरली, आमचे धरोन. परंतु दरवाजा उघडा होता, म्हणोन हैबतीरावांचे टेम्पोत बसोन सर्वजण गात घरी आले. घडले ते इतके, लिहिले तेही इतकेच.