सात पुस्तकांची भाऊबंदकी

टेंभूरखेडं नावाचं एक आटपाट गाव होतं. तिथं रंगराव वाघुळदे राहायचे, त्यांची बायको सुभद्रा राहायची, त्यांची एकुलती लेक केसर राहायची, आणि या तिघांचं देवक होतं भिकाजीपंत मोहरील नावाचे लेखक. दुसऱ्या मुलखात कुणाचं देवक आंब्याची डहाळी असतं, कुणाचं मोराचं पीस. टेंभूरखेड्यात नि भोवतालच्या खेड्यांत देवक म्हणजे लेखक. ज्यांचा लेखक एक, ते भाऊबंद, आणि भाऊबंदांत सोयरीक होत नाही.

यात कुणाला काही जड वाटत नव्हतं. लेखिका यमुनाबाई सोनगिरे वारल्या तेव्हा अर्ध्या गावाला दहा दिवस सुतक आलं, डोक्याला तेल नाही की देवाला हात नाही. यमुनाबाईंची माणसं हळवी. त्यांच्या कादंबरीत सून सोसते, सोसते, आणि अगदी शेवटच्या पानावर सासू तिचा हात हातात घेते. त्या एका हातासाठी बायका चारशे पानं रडत जायच्या. आपलं सोसणं कुणीतरी पाहून ठेवलंय, एवढी खात्री त्या बाईंनी दिली होती. त्यावर माणूस जन्मभर जीव लावतं.

केसर उपवर झाली आणि नांद्र्याच्या द्वारकाबाईंच्या श्रीपतीचं स्थळ आलं. घर यमुनाबाईंचं, म्हणजे देवक वेगळं. सगळं रीतसर. लग्नानंतर मुलीनं सासरचं देवक घ्यायचं, भिकाजीपंत फक्त माहेरी आल्यावर वाचायचे, हीही रीत. सुभद्रानं लेकीला महिनाभर आधीपासून रडायला बसवलं. केसर कादंबरी उघडायची, सून सोसायची, पण केसरच्या डोळ्याला काही पाणी यायचं नाही. शेवटी आईनं शेजारी कांदे चिरायला घेतले. केसर म्हणाली, होईल सवय. पोरींना सगळ्याची होते.

साखरपुड्याच्या दिवशी पान-सुपारी झाली, बोलणी झाली आणि श्रीपतीच्या मामानं नव्या म्हशीची गोष्ट काढली. म्हैस पसंत आहे म्हणाला, पण एकदा विचारून घेतलं पाहिजे. त्याला म्हणायचं होतं, घरच्यांना. भिकाजीपंतांच्या तिसऱ्या पुस्तकात एक बापू आहे. तो म्हैस घेण्याआधी म्हशीलाच विचारतो की आमचं घर तुला पसंत आहे का, आणि तिनं मान फिरवली की मुकाट परत येतो. मामाचं बोलणं ऐकलं आणि केसर फस्सकन हसली. त्याच क्षणाला समोर श्रीपतीही हसला. बाकी अख्ख्या मांडवात कुणी हसलं नाही.

केसरला आधी फार बरं वाटलं. मग कळलं काय झालं ते.

द्वारकाबाईंनी लेकाकडं पाहिलं आणि त्यांना शेवटचं पान आल्यासारखं रडू कोसळलं. पोरगा गोठ्यात बसून भिकाजीपंत वाचत होता, कित्येक वर्षं. नावाला यमुनाबाईंचा, पण हसू आलं ते भिकाजीपंतांचं, आणि देवक माणूस तोंडानं सांगतो ते नसतं, पोटातून येतं ते असतं. दोघं एका लेखकाचे निघाले. म्हणजे बहीण-भाऊ.

पंच बसले. त्यांत थोरले गणूकाका डोंगरे, पक्के यमुनाबाईंचे, निवाडा देताना डोळे पुसणारे. त्यांनी भाऊबंदकीचा नियम सांगितला. रक्ताच्या नात्यात सात पिढ्या सरल्या की सोयरीक चालते. तसंच लेखकाचं. एकाचं घर पहिल्या पुस्तकाचं असेल आणि दुसरा मनापासून आठव्याचा असेल, तर मध्ये सात पिढ्या गेल्या, नातं तुटलं. वाघुळद्यांचं घर पहिल्या पुस्तकाचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. श्रीपती तिसऱ्याचा, म्हशीचा.

"मग त्याला आठव्याचा होऊ द्या की," रंगराव म्हणाले.

"आठवं आहेच कुठं?" गणूकाका डोळे पुसत म्हणाले. "भिकाजीपंत सातावर थांबले."

भिकाजीपंत निमगावात राहायचे. म्हातारे झाले होते, एकटे होते, लिहिणं सोडून अंगणातल्या दोडक्याच्या वेलाकडं बघत बसायचे. केसर आईला घेऊन चालत निमगावला गेली. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की मला जेवढं ठाऊक होतं तेवढं सातांत मावलं, आता पोतं रिकामं आहे. वर असंही म्हणाले की लोक मला एवढं का धरून बसतात, तेच मला कळलेलं नाही. म्हशीला प्रश्न विचारणारा एक खुळा, त्यात काय एवढं?

सुभद्रानं लेकीचा पदर ओढला, चल म्हणून. केसर जागची हलली नाही.

"आबा, माझा बाप दिवसभर आईशी बोलत नाही," ती म्हणाली. "भांडण नाही काही. बोलायचं काय ते त्याला सुचत नाही. पण संध्याकाळी तुमचं पुस्तक उघडतो, दोन पानं वाचतो, एकटाच हसतो आणि चुलीकडं बघून म्हणतो, अगं, हे ऐक. आई भाकरी तव्यावर ठेवून ऐकते. भाकरी करपते. आमच्या घरात सगळ्यांना करपलेली भाकरी आवडते."

सुभद्रानं धरलेला पदर सोडून दिला. असं कुणी तिच्याबद्दल बाहेर बोललं नव्हतं.

"त्या बापूला सगळे खुळा म्हणतात, तुम्ही म्हणत नाही," केसर पुढं म्हणाली. "तुमच्या पुस्तकात म्हशीचासुद्धा अपमान होत नाही. म्हणून वाचताना आम्हाला आमची लाज वाटत नाही. मला हे ऐक म्हणणारा नवरा पाहिजे. तो सापडला, तर तो भाऊ निघाला."

भिकाजीपंतांनी उठून वेलाचा लोंबता शेंडा दोरीवर चढवला. मग म्हणाले, "लिहितो. पण त्याला आवडेल असं वचन देत नाही. हसू काही भाड्यानं मिळत नाही, पोरी."

दोडके संपून घेवडा आला तेव्हा आठवं पुस्तक आलं. पंचांनी श्रीपतीला मारुतीच्या पारावर बसवलं आणि भोवती बसून त्याचं तोंड न्याहाळू लागले. खोटं हसला तर चालणार नव्हतं. खोटं हसू ओळखायला म्हणून यमुनाबाईंची दोन माणसं मुद्दाम बोलावली होती. केसर देवळाच्या खांबाआड उभी राहिली.

श्रीपती वाचत गेला. हसला नाही. पहिलं प्रकरण गेलं, दुसरं गेलं, उन्हं डोक्यावर आली, ओठाचा कोपरासुद्धा हलला नाही. खांबाआडून केसरला फक्त त्याचा पान उलटणारा हात दिसत होता. म्हशीच्या वेळी हा माणूस कसा हसला होता ते तिला आठवायला लागलं, तसा तिनं खांब घट्ट धरला.

शेवटचं पान झालं. त्यानं पुस्तक मिटलं. त्याची आई डबा घेऊन आली, जेव म्हणाली. त्यानं डबा बाजूला सारला, पुस्तक पुन्हा उघडलं आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.

पंचांनी एकमेकांकडं पाहिलं. हसणारा माणूस दुसऱ्याला दाखवायला हसू शकतो. पण भुकेल्या पोटी पुस्तक संपवून, त्याच बैठकीत पुन्हा आरंभाला जाणारा माणूस त्या पुस्तकाच्या घरचाच असतो, यात वाद नव्हता. गणूकाकांनी हुंदका देत जाहीर केलं की श्रीपती आठव्याचा आहे आणि सोयरीक शुद्ध आहे. दुसऱ्यांदा वाचताना श्रीपती चौथ्या पानावर खो खो हसला, पण तोवर पंच जेवायला उठले होते.

लग्नात देवक बसवायची वेळ आली. भिकाजीपंत जिवंत असल्यामुळं त्यांनाच पाटावर बसवलं, हळदकुंकू वाहिलं. देवक लग्न लागेपर्यंत हलवायचं नसतं, म्हणून ते हलले नाहीत. दोनदा चहा मागितला, तो दिला.

लग्नानंतर त्यांना निमगावला पोचवायचं राहूनच गेलं. ते केसरच्या घरी ओट्यावर बसून लिहू लागले. नववं आलं, दहावं आलं आणि पंचक्रोशीत भाऊबंदकीपायी अडलेली लग्नं एकामागून एक सुटली. सुटलेल्या घरांतून पायलीभर ज्वारी, शेंगा, लुगडं असं काहीबाही येत राहिलं. वाघुळद्यांची नि श्रीपतीची मिळून दोन बैलजोड्या झाल्या, विहिरीला पाणी लागलं, आणि द्वारकाबाई सुनेचा हात धरून रडतात ते आता निव्वळ सुखानं. केसरला मुलगी झाली. तिचं पुस्तक कोणतं, ते अजून ठरलेलं नाही. सध्या ती अकराव्याची पानं खाते, आणि पंचांनी तेही मोजायला घेतलं आहे.