चाओबास मधल्या फळीत ठेविले त्याची बखर

श्रीगजाननास वंदन करून, आणि ज्या तांबड्या मैदानावर हे घडले त्यास मनोमन हात लावून, शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, पौष वद्य पक्षी जे वर्तले ते आणि त्याचे पूर्ववृत्त लिहिते. राज्याचे नाव लिहीत नाही. राज्य म्हणजे एक महाविद्यालय, प्राचार्य ते अधिपती, फुटबॉलचा संघ ती फौज, आणि फौजेचे सेनापती हिंदुराव इंगवले, ते माझे वडील. लिहिणारीचे नाव काय, यास महत्त्व नाही. फौजेतील मुले घरी येऊन म्हणाली, "ताई, सरांचं कुणीतरी लिवून ठेवाय पायजे, आणि आमच्यात कुणाला चार वळी धड लिवता येत न्हाईत," म्हणून लेखणी धरिली.

सेनापतींचा अखेरचा साधा दिवस ऐसा गेला. सकाळी सराव घेऊन आले, आणि ओसरीवर बसून फाटलेल्या चेंडूस दाभणाने टाके घालू लागले, आणि मातोश्री आतून म्हणाल्या, "आवो, च्या गार झाला, चेंडू काय पळून चाललाय का?" आणि सेनापती म्हणाले, "पळतोय म्हणून तर शिवतोय." इतक्यात वरच्या पेठेचे कारभारी राऊअण्णा दोघातिघांस घेऊन आले. महिन्यापूर्वीच फौजेने मोठा करंडक जिंकून आणिला होता, त्याचे पेढे खाऊन झाले होते, आता कारण निराळे होते. राऊअण्णा बोलिले, "हिंदुराव, कप आला, झ्याक झालं. आता म्होरल्या साली समदी आपलीच पोरं घ्या. त्ये परराज्यातलं पोरगं कशाला?" सेनापती दाभण न थांबविता बोलिले, "अण्णा, तुमची थोरली सून कुठली?" अण्णा म्हणाले, "निपाणीची." "म्हणजे परराज्यातलीच की. मग तिला कधी माघारी धाडताय?" बरोबरचे लोक हसले. अण्णा तापून म्हणाले, "सुनंचं येगळं! ती आता आमची झाली." सेनापतींनी विचारिले, "किती दिवसांत झाली?" त्यावर अण्णांनी चहा मात्र दोन वेळा घेतला. मग ते गेले, आणि मागोमाग अधिपतींचा शिपाई निरोप घेऊन आला की उदईक दरबारी यावे, पुढील सालापासून अकराही गडी बाहेरच्या मुलुखांतून भरती करण्याचा विचार चालला आहे, करंडकाने राज्याचा लौकिक वाढला तो आणखी वाढवावा. सेनापतींनी निरोप ऐकिला, टाका ओढून गाठ मारिली आणि इतकेच म्हणाले, "उद्या बोलू." राऊअण्णांचे ऐकावे तर चाओबा, म्हणजे ते परराज्यातले पोर, जातो, अधिपतींचे ऐकावे तर पेठेची पोरे जातात, कसेही झाले तरी जुळविलेली फौज मोडते, हे घरात सर्वांस ठाऊक होते. जेवणात वांग्याची भाजी होती. दुपारी त्यांनी अंमळ डोळा लाविला. बाकी विशेष काही नाही.

आता ही फौज जुळली कशी ते ऐकावे. या नगरीत वरची पेठ आणि खालची पेठ ऐशा दोन पेठा. दोहोंत आजोबांपासून चुरस. वरच्यांचा गणपती निघाला की खालचे खिडक्या लावून घेतात, आणि खालच्यांचा निघाला की वरच्यांच्या दुकानांत अचानक दिवाबत्ती नसते. पोरे दोन्हींकडची चालू लागली की पायी चेंडू घेतात, आणि उत्तम खेळतात, परंतु एका फौजेत घातली तरी पेठ विसरत नाहीत. सेनापतींनी पहिल्या साली अकराही गडी घरचेच घेतले होते, आणि त्यांचा आग्रहच होता की आपल्या मातीत पिकते ते टाकून बाहेरून का आणावे. मग उपान्त्य झुंजीत ऐसे घडले की वरच्या पेठेचा इंद्रजीत मेढे चेंडू घेऊन प्रतिपक्षाची फळी फोडून गेला, आणि समोर खालच्या पेठेचा अवधूत बराले मोकळा उभा, आणि गोलकीपर दुसऱ्या अंगास पडलेला, आणि अवधूत हात वर करून ओरडतो आहे, आणि इंद्रजीताने त्याजकडे पाहिले, आणि चेंडू फिरवून माघारी आपल्याच पेठेच्या बॅककडे पाठविला. प्रतिपक्षासही ते खरे वाटेना. झुंज हरली. सेनापतींनी विचारिले, "का रं?" इंद्रजीत खाली मान घालून बोलिला, "सर, त्याला पास दिला आणि त्यानं गोल मारला, तर मला गल्लीत ऱ्हाऊ देतील व्हय?" सेनापती रागावले नाहीत. पुढील साली अधिपतींनी आपल्या मर्जीने चार मुलुखांतून गडी आणविले. ते गोड खेळत, परंतु मैदानाभोवती माणूस उभे राहीना. गोल झाला तरी पंचाच्या शिट्टीखेरीज आवाज नाही. आणि परीक्षा होताच ते निम्मे आपापल्या वाटेने गेले. दोन्ही रीती ऐशा फसल्या.

मग तिसऱ्या साली सेनापतींनी आपला पूर्वीचा आग्रह आपणच सोडिला, आणि लोक हसले तरी सोडिला, आणि आठ घरचे व तीन बाहेरचे ऐसी फौज बांधिली. तिघांत मणिपुराकडील चाओबा म्हणून एकोणीस वर्षांचा गडी होता, अंगाने सडपातळ, बोलण्यास लाजाळू, पायांत मात्र वारे. त्यास सेनापतींनी मधल्या फळीत, इंद्रजीत आणि अवधूत यांच्या बरोबर मध्ये, उभा केला. कारण तो कोणत्याच पेठेचा नव्हे. त्यास चेंडू देण्यात वरच्यांस कमीपणा नाही, आणि त्याजकडून घेण्यात खालच्यांस कमीपणा नाही. या नगरीची चाल ऐसी की ज्या पेठेत गडी जेवतो त्या पेठेचा तो होतो. म्हणून सेनापतींनी हुकूम केला की चाओबाने एक महिना वरच्या पेठेत जेवावे, एक महिना खालच्या. राऊअण्णा टोमणा मारिते जाहले, "हिंदुराव, सेनापती हायसा का खानावळवाले?" परंतु पोर दोहोंकडे जेवू लागले, आणि दोहोंकडच्या आया त्यास आग्रह करू लागल्या, आणि त्याची मराठी वरच्या पेठेत शिवी शिकून खालच्या पेठेत वापरण्याइतकी तयार झाली.

अंतिम झुंज मार्गशीर्षात झाली. नदीपलीकडील राज्याची फौज चालून आली, ती आडदांड आणि तयारीची. दोन्ही पेठा मैदानावर लोटल्या, एक पेठ सूर्याकडे तोंड करून, दुसरी पाठ करून, मध्ये पोलीस. पूर्वार्धात गोल खाल्ला. मग इंद्रजीताने चेंडू चाओबास दिला आणि चाओबाने न थांबविता अवधूतास दिला आणि अवधूताने तो जाळ्यात घातला, आणि बरोबरी झाली. मग प्रतिपक्षाने ओळखिले की या फौजेचा पूल मध्ये आहे, आणि पूल पाडण्यास दोन गडी चाओबावर घातले, आणि झुंज संपत आली तेव्हा त्यास लोळविले. चेंडू इंद्रजीताच्या पायी होता. चाओबा जमिनीवर. पलीकडे अवधूत मोकळा. आणि इंद्रजीताने पाहिले, आणि एकवार आपल्या पेठेच्या बाजूकडे पाहिले, आणि चेंडू सरळ अवधूतास दिला. गोल जाहला. काय ओरडावे हे दोन्ही पेठांत कोणासच ठाऊक नव्हते, तरी जो गजर उठला तो मी लिहू शकत नाही. इंद्रजीत नंतर म्हणाला, "सर, चाओबा पडलेला, दुसरं कुणी दिसंना." अवधूत म्हणाला, "मी दिसलो म्हण की! जीभ झडतीया का?" आणि चाओबा लंगडत येऊन दोघांच्या गळ्यात पडला. सेनापती घरी आले, पाय धुतले, आणि म्हणाले, "बरं झालं." मी ताटात आणखी एक भाकरी वाढली, आणि त्यांनी ती खाल्ली. आमच्या घरी कौतुकाची रीत एवढीच होती.

तर "उद्या बोलू" म्हणून निजलेले सेनापती दुसरे दिवशी पहाटे मैदानावर गेले, आणि नेहमीप्रमाणे आपल्या हाताने चुन्याची रेघ ओढू लागले, आणि निम्म्या रेघेवर खाली बसले, आणि पुन्हा उठले नाहीत. मुले धावली. चाओबाने त्यांचे डोके मांडीवर घेतले होते. त्याहून अधिक लिहिण्याची शक्ती नाही.

दिवसकार्य झाल्यावर अधिपतींनी शोकसभेचा दरबार भरविला, आणि त्यातच भरतीचा विषय निघाला, कारण मुदत संपत होती. राऊअण्णा उठून म्हणाले की फौज घरच्यांचीच असावी. अधिपती म्हणाले की लौकिकासाठी बाहेरचेच हवे. चाओबा मागील बाकावर हात जुळवून बसला होता. वसतिगृहातील त्याची खोली आणि शिक्षण फौजेच्या नावावर होते, नाव गेले तर दोन्ही गेली. तेव्हा इंद्रजीत न विचारिता उठला आणि बोलिला, "चाओबा कुठंबी जाणार न्हाई. वरच्या पेठेचा गडी हाय त्यो." त्यावर अवधूत ताडकन उठला, "कवापास्नं? आमच्यात जेवतोय त्यो!" "महिनाआड आमच्यात जेवतोय!" "तुमच्यात जेवत न्हाई, उपाशी ऱ्हातोय. आमच्यात आला की चार भाकरी खातोय!" अधिपतींनी विचारिले, "चाओबा, तू कोणाचा?" तो उभा राहिला आणि लाजत बोलिला, "दोन्हीकडचा हाय, सर. पण रस्सा खालचा भारी." शोकसभेत हशा पिकला. राऊअण्णा मात्र लाल झाले. "म्हंजे आमचा गडी खालच्यांनी न्यायाचा व्हय? सायेब, लिवून घ्या, पोरगं आमचं हाय, फौजेत ऱ्हायला पायजे!" ऐसे म्हणताच आपणच आपला ठराव मोडिला हे त्यांच्या ध्यानी आले, आणि ते खाली बसले, परंतु शब्द मागे घेतला नाही. अधिपतीही हसले, आणि म्हणाले, "घरचा कोण आणि बाहेरचा कोण हे आता आम्हांसच सांगता येत नाही. सेनापतींनी फौज ठेविली तशीच राहो."

सारांश, फौज मोडली नाही. आठ आणि तीन हा हिशेब या राज्यात चालू राहिला, आणि त्यातले तीन कोणते याविषयी दोन पेठांत अद्याप वाद आहे. मग राऊअण्णा म्हणाले, "पोरी, तू बोल आता." आणि मी उठले, आणि हार घातलेल्या तसबिरीपाशी गेले, आणि सभेकडे पाठ करून तसबिरीकडे तोंड केले, आणि सर्वांस ऐकू जाईल ऐशा आवाजात बोलले: "आबा, इतिहासाची पुस्तकं मी पुष्कळ वाचली. किल्ले घेणारे त्यात खूप भेटले. शेजारच्या दोन गल्ल्या एका बाजूनं खेळवणारा एकही भेटला नाही. तुमची मुलगी म्हणवून घेताना माझी मान ताठ होते, आबा. हे तुम्हाला सांगायचं होतं."