दोन खुर्च्यांचे कांबळे सर

कांबळे सरांच्या टेबलाला दोन खुर्च्या आहेत आणि दोन्हींवर तेच बसतात. एकीत सर, समोरच्या खुर्चीत चोर. आमचं लातूरचं ऑफिस शिकवणी वर्गांसाठी सॉफ्टवेअर बनवतं. सराव परीक्षांचे पेपर त्यातच असतात, ते चोरीला जाऊ नयेत हे सरांचं काम. सर इकडून म्हणतात, "पासवर्ड लावला." उठून तिकडे बसतात. "मग मी शिपायाला चहा पाजून विचारतो." परत इकडे. "शिपायाला ठाऊकच नसंल तर?" असं दुपारपर्यंत. चोराच्या खुर्चीला गादी आहे.

"समोरचा गाढव न्हाई, ताई. त्याला निवांत इचार करू द्या," सर मला म्हणतात.

याला म्हणे गेम थिअरी म्हणतात. सरांनी मला ती कबड्डीवरून समजावली. चढाईवाला कुठं हात मारील ते धरून उभं राहायचं, आणि आपण ते धरलंय हे त्यालाही ठाऊक आहे, हेही धरायचं. मला एवढ्यानंच घाम फुटला.

माझी शाळा नववीत सुटली. धर्माबादहून इथं आले तेव्हा सरांनी दाखला मागितला नाही, सरळ वर्गांचे फोन घ्यायला बसवलं. त्या उपकाराचीच मला धास्ती. फोन वाजला की वाटतं, आता चूक होणार.

परवा फोनवरचा माणूस म्हणाला, "अक्का, जेवलात का?" आमच्याकडं, तेलंगणाच्या कडेला, थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात. लातुरात मला कोणी म्हटलं नव्हतं. धर्माबादच्या वर्गाचा मास्तर आहे, पासवर्ड विसरलो, म्हणाला. मी दिला. फोन ठेवला आणि ध्यानात आलं, त्याचं नावही विचारलं नव्हतं. सांगितलं तर नोकरी जाईल, नाही सांगितलं तर पेपर फुटेल. दोनदा सरांच्या टेबलापर्यंत जाऊन परत आले. मग सरांना सांगितलं.

सरांनी आधी ते खातं बंद केलं. पेपर फुटायचे वाचले. मालक म्हणाले, "बाईंना आजच घरी पाठवा."

"पाठवलं तर उद्या चुकणारा गप बसंल," सर म्हणाले. "चोराला तेच पाहिजे. अन् एका फोनवर दार उघडत असंल, तर दार मीच चुकीचं केलं."

मालकांनी मला परत फोनवर बसायला सांगितलं.

मी पाणी प्यायला गेले तर सर मागोमाग. वाटलं, आता बोलणी बसणार.

"तो कसा बोलला? जरा म्हणून दाखवा."

तपासासाठी असेल म्हणून मी म्हटलं, "अक्का, जेवलात का?" सर खिडकीबाहेर बघत राहिले.

"आमची आई देगलूरची, तुमच्याच कडंची. असंच इचारायची. मीबी दिला असता, ताई." मग म्हणाले, "आणखी एकदा म्हणा बरं."

या वेळी मी अक्का गाळलं. "सर, जेवलात का?"

"न्हाई," सर म्हणाले.