ढमीच्या आईची बग्गी

"गाडी मीच जोडणार, मीच पळवणार, आणि ज्याला शंका असेल त्याने रविवारी मैदानावर येऊन उभं राहावं!"

ढमीच्या आईने हे स्वयंपाकघराच्या दारात, हातात दुधाची बाटली घेऊन जाहीर केलं. नवरा, सासूबाई आणि दीर तिघांनीही जेवता जेवता माना वर केल्या. सव्वा वर्षाची ढमी तेवढी हसली.

भानगड अशी होती की डायपर घेताना दुकानदाराने एक चिठ्ठी भरून घेतली होती आणि सोडतीत ढमीच्या आईला चक्क पहिलं बक्षीस लागलं! रिमोटवर धावणारी, खाचखळग्यांतल्या शर्यतीची इलेक्ट्रिक बग्गी. निदान खोक्यावरच्या चित्रात तरी ती धावत होती. आत बग्गी नव्हतीच. आत होत्या अकरा पिशव्या, त्यांत तांदळाच्या दाण्याएवढ्या स्क्रूंपासून बोटभर दांड्यांपर्यंत शेकडो तुकडे, आणि एक जाडजूड पुस्तिका. मोटर, बॅटरी, रिमोट यांचा तर पत्ताच नव्हता.

"वहिनी, हे खेळणं नव्हे, स्पर्धेचा माल आहे," दीर म्हणाले. ते दर रविवारी आपली जुनी बग्गी घेऊन मैदानावर जात. "मोटर-बिटर आपली आपण घालायची असते. मला देऊन टाका. ढमीला मी मोठ्ठं अस्वल आणतो."

"का? मला हात नाहीत?"

"हात आहेत हो! पण गॅस बंद केलाय का हे बघायला तुम्ही तीनदा उठता. शर्यतीत तीनदा उठता येत नाही."

हे झोंबलं. आपण काळजी करतो हे तिला मान्य होतं. पण भौतिकशास्त्रात पहिला वर्ग मिळवलेल्या बाईला कुणी अस्वल देऊन गुंडाळावं?

शेवटी ठरलं. मोटर, बॅटरी, रिमोट दिरांनी आपले जुने द्यायचे. रविवारी बग्गीने एक फेरी पूर्ण केली तर ती ढमीच्या आईची. नाही केली, तर दिरांची, कायमची.

"एक फेरी काय, डझनभर मारीन!" ती म्हणाली. नवऱ्याने छताकडे पाहिलं.

ढमी झोपली की खोलीला कडी लावून काम सुरू होई. स्क्रू बर्फाच्या ट्रेमध्ये, मापाप्रमाणे. प्रत्येक पिशवी उघडताना मोजायची, बसवताना मोजायची, उरलेलं पुन्हा मोजायचं. एक स्प्रिंग उडून सासूबाईंच्या चष्म्यावर आदळली. "अगं, गाडी जोडतेयस की तोफ?" शनिवारी दुपारी बग्गी तयार झाली. दिसायला अशी, की आत्ताच कुणाच्या तरी अंगावर धावून जाईल!

आणि नेमकं तेव्हाच ढमीच्या तोंडातून आवाज आला. कट्. कट्. कट्.

ढमीची आई ताडकन उठली. छर्रे! पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये गिअरची एकेक डबी होती आणि प्रत्येकीत मोहरीएवढे बारा पोलादी छर्रे होते.

"गिळला! हिने छर्रा गिळला!"

पुढच्या दहा मिनिटांत ढमीला घेऊन चौघंही दवाखान्यात. डॉक्टरीणबाईंनी टॉर्च मारून ढमीच्या तोंडात पाहिलं.

"ताई, हे दोन खाली. हे दोन वर. दात आलेत. ती ते एकमेकांवर घासून बघतेय."

"तरी एक्सरे काढा."

"दातांचा?"

"पोटाचा!"

"अहो, घरी जा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ती घरी आली. पण छर्रे मोजल्याशिवाय चैन कसली पडणार? दोन्ही डब्या उघडल्या. पुढे बारा, मागे बारा. हुश्श! पुन्हा बंद केल्या. या डब्या सुलट्या-उलट्या दोन्ही बाजूंनी अगदी चपखल बसतात, हे पुस्तिकेत ठळक अक्षरांत छापलेलं होतं. पण पुस्तिकेवर त्या वेळी ढमी बसली होती.

मग चाचणी. जमिनीवर गाडी सोडायची आणि ती ढमीच्या पायावर गेली तर? छे! बग्गी रिकाम्या खोक्यावर ठेवून, चाकं हवेत, कळ दाबली. चाकं गरगर फिरली. "फिरतायत!" ती ओरडली. कुठल्या दिशेने, हे बघायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

रविवारी आठ बग्ग्या रेषेवर. शर्यत पाच मिनिटांची. पंच ओरडले, "शर्यतीत रिव्हर्स चालणार नाही! सगळ्यांचं बंद आहे ना?"

"वहिनींचं मी स्वतः बंद केलंय," दीर म्हणाले.

शिट्टी झाली. सात बग्ग्या सुसाट पुढे गेल्या. आठवी तितकीच सुसाट मागे गेली आणि पंचांच्या बुटावर चढली.

"बाई! रिव्हर्स बंद म्हटलं ना!"

"बंदच आहे! पुढचीच कळ दाबतेय मी!"

रिव्हर्स बंद असलेली गाडी रिव्हर्समध्येच पळत होती. दीर पोट धरून हसू लागले. "डब्या उलट्या बसवल्यात, वहिनी! म्हणून चाकं उलटी फिरतायत! संपलं! द्या इकडे रिमोट!"

"हात लावायचा नाही!"

उलटलेल्या गाड्या उचलायला उभी असलेली मुलगी धावत आली. "काकू, तोंड कुठे करून ठेवू?"

"शेपूट पुढे!"

आणि बग्गी निघाली, ढुंगण पुढे करून! आता डावं ते उजवं, उजवं ते डावं. कुणाचंही डोकं फिरावं. पण ढमी चालायला लागल्यापासून ढमीची आई घरभर उलटीच तर चालत होती! हात पसरून, लेकीकडे तोंड करून, मागचं टेबल, मागचा दरवाजा, मागच्या सासूबाई अंदाजानेच चुकवत. तिला उलटं म्हणजे काय नवीन?

बाकीच्या बग्ग्या बाजूने पुनःपुन्हा झूम करून गेल्या. तिने एकीकडेही पाहिलं नाही. दोनदा गाडी कुंपणात घुसली, एकदा पालथी पडली. "शेपूट पुढे!" ती दर वेळी ओरडे. शेवटच्या उंचवट्यावरून बग्गी शेपूट पुढे करून हवेत उडाली, शेपटीवरची पंखासारखी पट्टी मोडून घेत चार चाकांवर आदळली, आणि पाच मिनिटं संपायला सात सेकंद असताना रेषेपार गेली.

"ही फेरी धरायची नाही!" दीर ओरडले.

पंचांनी फेऱ्या मोजणाऱ्या यंत्राकडे पाहिलं. "यंत्राने धरलीये."

"भाऊजी, एक फेरी पूर्ण करायची ठरलं होतं," ढमीची आई घाम पुसत म्हणाली. "तोंड कुठे ठेवायचं हे ठरलं नव्हतं!"

नवऱ्याने आयुष्यात पहिल्यांदाच भावासमोर टाळ्या वाजवल्या.

पुढच्या आठवड्यात तिने पुस्तिका वाचून दोन्ही डब्या सरळ बसवल्या. रिकाम्या मैदानावर बग्गी नाकासमोर निघाली, पहिल्या वळणावर कुंपणात. पुन्हा सोडली, पुन्हा कुंपणात. पुढे जाणारी गाडी तिला वळवताच येईना! घरी येऊन तिने कडी लावली आणि सगळं होतं तसं उलटं करून ठेवलं.

"सरळ केली नाहीत का हो अजून?" दिरांनी विचारलं.

"ढमीपायी वेळच कुठे मिळतो, भाऊजी!"